राग कोणाचा, कोणासाठी?

(ओरत्तनाडुहून एका ऑनलाइन अभ्यासवर्गात केलेलं भाषण, लिहून काढताना थोडं नीट केलेलं.)



मी ओरत्तनाडुहून बोलतेय. हे तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातलं गाव. इथे मुक्ताम्बाळ छत्र नावाची जुनी धर्मशाळा आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी ती १८०२ च्या सुमारास आपल्या सहचरीच्या नावाने बांधली. अशा छत्रांचा आणि भोवतालच्या शेतमजुरीचा अभ्यास करायला मी इथे आले. आज मात्र मला रागावर बोलायचंय.

पीएचडीच्या एका सादरीकरणात मी जात आणि मजुरीवर बोलले. झाल्यावर एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "विषय चांगला आहे, पण तुमच्यात राग फार आहे." दोघेतिघे हसले. मी "सॉरी सर" म्हणाले. घरातली पहिली पदवीधर असले की ही 'सॉरी' आपोआप तोंडात येते. आकडे चुकले असते तर मी दुरुस्त केले असते. राग कुठे दुरुस्त करायचा, ते कोणी सांगितलं नाही.

इथे मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या आक्का दलित ख्रिस्ती आहेत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या शेतात भाताची लावणी केली. मी हा किस्सा सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हालाही लहानपणापासून हेच शिकवलं. माणसाच्या रागातून देवाचा न्याय घडत नाही." हा विचार नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, पहिल्याच अध्यायात आहे. मी मराठी बायबल उघडून ते पत्र शेवटपर्यंत वाचलं. पाचव्या अध्यायात तोच लेखक श्रीमंत जमीनमालकांवर तुटून पडतो. तुमच्या शेतात कापणी केलेल्यांची जी मजुरी तुम्ही बुडवलीत, ती मजुरीच ओरडते आहे आणि ती हाक देवाच्या कानी गेली आहे, असं सांगतो. मी आक्कांना हे सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे आम्हाला कोणी वाचून दाखवलं नाही."

पत्र एकच. पहिला अध्याय मजुराला शिकवला गेला. पाचवा मालकाला कोणी शिकवला?

त्यानंतर मी राग शोधत हे ग्रंथ वाचू लागले. आपण म्हणतो, याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. हिब्रूतही रागासाठीचा एक नेहमीचा शब्द मुळात 'नाक' असाच आहे. जो लवकर रागावत नाही तो 'लांब नाकाचा', आणि देवाचं वर्णन तसं केलंय. मग हा लांब नाकाचा देव रागावतो कधी? 'निर्गम' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात तो बजावतो की परक्याला, विधवेला, अनाथाला छळू नका, त्यांनी हाक मारली तर माझा राग भडकेल. संदेष्टा आमोस मुळात मेंढपाळ. त्याचा देव सांगतो की मला तुमचे सण आणि भजनं नकोत, न्याय हवा. येशूच्या बाबतीत मार्कच्या तिसऱ्या अध्यायात रागाचा स्पष्ट उल्लेख येतो. हात वाळलेला एक माणूस समोर उभा आहे, आणि आज विश्रामवार म्हणून त्याला बरं करू नये, असं वाटणारे धार्मिक लोक गप्प बसलेत. त्या गप्प बसण्याचा येशूला राग येतो.

माणसाच्या रागाकडे हे ग्रंथ जास्त संशयाने पाहतात. काइन रागाच्या भरात भावाला मारतो. योनाला राग येतो तो निनवे शहर वाचलं म्हणून. तेव्हा देव त्याला विचारतो की तुझं हे रागावणं बरोबर आहे का? मला हा प्रश्न आवडतो. त्यात रागाला मनाई नाही, त्याचा हिशेब मागितलाय.

पण आपण सोयीचं तेवढंच उचलायचं नाही. 'गणना' या पुस्तकात कोरह नावाचा माणूस मोशे आणि अहरोनला म्हणतो की सगळीच मंडळी पवित्र आहे, मग तुम्ही स्वतःला वर का ठेवता? आपल्या कानाला हे ओळखीचं वाटतं. पण त्या कथेत देवाचा राग कोरहच्या बाजूने येत नाही. जमीन फाटते आणि तो गडप होतो. कोरह स्वतः लेवी होता, म्हणजे तळातला नव्हता, हे खरं. तरी पुरोहितपदाला प्रश्न विचारणाऱ्याला देवाच्या रागाचा धाक घातला गेला, हे उरतंच. म्हणून माणसाच्या रागाला विचारतो तोच प्रश्न देवाच्या रागालाही विचारायला हवा. तो कोणासाठी आहे?

तंजावरच्या चर्चमध्ये हा प्रश्न उघडपणे उभा राहिला. सरफोजींचे गुरू असलेले जर्मन मिशनरी श्वार्ट्झ आणि त्यांच्या पिढीने चर्चमध्ये जातवार वेगळं बसणं चालू दिलं होतं. नंतरच्या मिशनऱ्यांनी ते मोडायला घेतलं, तेव्हा वेळ्ळाळर ख्रिस्ती भडकले. मोठे तमिळ कवी वेदनायगम शास्त्री त्यांचे पुढारी. सर्व जातींनी प्रभुभोजनाला एकत्र येण्याची सक्ती त्यांना जुलूम वाटली. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद पूर्ण बंद करण्याचा आदेश काढला आणि तंजावरात मोठा गट चर्च सोडून गेला. या रागाला कोणी नाकाच्या शेंड्यावरचा म्हटलं नाही. त्याला 'रीत' म्हटलं. वरच्याचा राग परंपरा ठरतो आणि खालच्याचा राग स्वभावदोष, ही वाटणी इतकी जुनी आहे.

आणि तिची किंमत? २५ डिसेंबर १९६८, नाताळचा दिवस. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातलं कीळवेणमणी. शेतमजूर जास्त मजुरी मागत होते, लाल बावट्याखाली संघटित होते. जमीनदारांच्या माणसांनी हल्ला केला. जीव वाचवायला लोक एका झोपडीत शिरले आणि ती पेटवून देण्यात आली. ४४ जण जळून मेले. बहुतेक दलित बायका आणि मुलं. खालच्या कोर्टाने जमीनदारांना शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. बुडवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाचं पत्र सांगतं. इथे मजुरी मागणारेच जाळले गेले.

त्याच तारखेला, ४१ वर्षं आधी, महाडला दुसरी आग पेटली होती. २५ डिसेंबर १९२७. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या आपल्या माणसांना सवर्णांनी मारलं होतं, आणि बाबासाहेबांनी चिडलेल्या लोकांना उलट हात उगारू दिला नव्हता. तो राग थंड पडला नाही. नऊ महिन्यांनी तो ठराव घेऊन आला, परिषद घेऊन आला, आणि त्याने माणूस जाळला नाही, माणसाला माणूस न मानणारा कायदा जाळला. 'तुझं रागावणं बरोबर आहे का' या प्रश्नाला याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुम्हाला म्हणेल, "तुमच्यात राग फार आहे", तर घाईने सॉरी म्हणू नका. आधी स्वतःला विचारा, हा राग कोणासाठी आहे? फक्त आपला अपमान झाला म्हणून असेल, तर त्याच्याकडे जरा संशयाने पाहा, काइनची वाट तिथूनच सुरू होते. तो बुडवलेल्या मजुरीसाठी असेल, तर त्याला पुरावे द्या, तारखा द्या, तळटिपा द्या, आणि तो प्रबंधात राहू द्या.

माझ्या प्रकरणातला तो परिच्छेद मी काढलेला नाही. काल आक्कांना तो तमिळमध्ये सांगितला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: मजुरीचा एक दर चुकला होता. तेवढा मी बदलला.

जय भीम.