ताळा करून पाहा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवण नुकतंच झालंय, बासुंदी अंमळ जास्तच चांगली होती, आणि अशा वेळी संयोजकांनी मला उभं केलंय. विषयही त्यांनीच दिला. 'यंदा आपल्या ग्रुपवर जे झालं ते सगळ्यांसमोर एकदा नीट सांग,' असं ते म्हणाले. ज्या मित्रानं ती योजना ग्रुपवर आणली होती, तो इथे बसलेला आहे. 'माझं नाव घेऊ नकोस, पण बाकी काही झाकू नकोस,' असं त्यानंच मला बजावलंय. कंपनीविरुद्धची चौकशी चालू आहे, म्हणून तिचंही नाव घेत नाही.

आधी योजना काय होती ते सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये ग्रुपवर एक रंगीत पीडीएफ आली. एक लाख रुपये भरा, बिटकॉइन मायनिंगचं एक यंत्र तुमच्या नावावर होईल. ते तुम्ही कंपनीलाच भाड्यानं द्यायचं. कंपनी ते परराज्यातल्या आपल्या गोदामात चालवणार, वीजबिल, देखभाल सगळं तीच बघणार, आणि तुम्हाला दरमहा दहा हजार रुपये भाडं देणार. असं चोवीस महिने. आणखी कुणाला आणलंत, तर त्याच्या रकमेवर दहा टक्के वेगळे.

आपल्यातल्या सात जणांनी पैसे भरलेही होते, आणि त्यांना भाडं वेळच्या वेळी येत होतं. आठवी आपली एक मैत्रीण. यजमान गेल्यानंतर त्यांच्या फंडाचे आलेले पैसे तिला कुठेतरी ठेवायचे होते. तिनं मला फोन केला. 'तू विजेतला माणूस, ही यंत्रं विजेवर चालतात म्हणे, तू जरा बघ,' एवढंच म्हणाली.

आधी वीज मंडळ आणि मग महावितरण, अशी सदतीस वर्षं माझी विजेत गेली. बिटकॉइन पुढे वर जाईल की खाली, यातलं मला काही कळत नाही. पण यंत्र किती वीज खाईल आणि त्या विजेचं बिल किती येईल, हे मला कळतं. तेवढ्यावर बरंच काम भागलं.

मायनिंग म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. जगभरातली लाखो यंत्रं एकाच वेळी एक आकडा शोधत असतात. साधारण दर दहा मिनिटांनी कुणाला तरी तो सापडतो आणि त्याला नवे बिटकॉइन बक्षीस मिळतात. २००९ साली हे बक्षीस ५० बिटकॉइन होतं. ते ठरावीक टप्प्यांनी निम्मं होत आलं, आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहे. यंत्रं वाढली की कोडं आपोआप अवघड होतं, त्यामुळे बक्षिसांची संख्या वाढत नाही. म्हणजे दिवसाला सुमारे १४४ बक्षिसं, मिळून ४५० बिटकॉइन. सगळ्या जगानं मिळून एवढंच वाटून घ्यायचं.

आता गणित करू. सर, चुकलं तर थांबवा.

पीडीएफमध्ये यंत्राचं मॉडेल दिलेलं होतं. ते खरोखर बाजारात मिळतं, ताकद २०० टेराहॅश आणि वीज साडेतीन किलोवॅट. त्या महिन्यात जगभरातल्या यंत्रांची एकत्रित ताकद या एका यंत्राच्या सुमारे चाळीस लाख पट होती. ४५० बिटकॉइनचे चाळीस लाख भाग करा, आणि एक बिटकॉइन पंच्याऐंशी लाखांचा धरा. एका यंत्राची दिवसाची कमाई येते साडेनऊशे रुपयांच्या आसपास. महिन्याचे साडेअठ्ठावीस हजार.

हे ऐकून आपला मित्र खूश झाला होता. म्हणाला, 'बघ, दहा हजार द्यायला काय अडचण आहे?' मी म्हटलं, थांब, अजून बिल यायचंय. साडेतीन किलोवॅट चोवीस तास चालले की चौऱ्याऐंशी युनिट होतात. उद्योगाला आठ रुपयांनी वीज मिळते असं धरलं, तरी दिवसाचे सहाशे बहात्तर, महिन्याचे वीस हजारांवर. उरले आठ हजार तीनशे. त्यातून गोदामाचं भाडं, थंडाव्याची सोय, दुरुस्ती, पगार, आणि माणसं आणणाऱ्यांचं कमिशन. यातलं काहीही न देता सगळेच्या सगळे तुला दिले, तरी दहा हजार होत नाहीत.

दुसरा ताळा भाड्याच्या नोंदींचा. मित्राकडे २०२३ पासूनच्या नोंदी होत्या. एप्रिल २०२४ मध्ये बक्षीस एका दिवसात निम्मं झालं. बिटकॉइनचा भाव वर्षभर वरखाली होत राहिला. भाडं मात्र दर महिन्याला तेच, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. पाऊस पडो न पडो, विहिरीचं पाणी त्याच पायरीवर राहत असेल, तर त्या विहिरीत कुणीतरी बाहेरून टँकर ओततंय. इथे टँकर म्हणजे नंतर आलेल्या लोकांचे पैसे, असा मला संशय आला.

एजंट म्हणाला, 'भाडं ठरावीक आहे, जोखीम कंपनीची.' ठीक आहे. पण लाखावर वर्षाला एक लाख वीस हजार देण्याची ज्याची ऐपत आहे, तो बारा-चौदा टक्क्यांनी कर्ज का काढत नाही? आपल्या मैत्रिणीच्या फंडाच्या पैशांवाचून त्याचं असं काय अडलंय?

तिसरा ताळा माझ्या खात्यातला. कंपनीच्या म्हणण्यानुसार एका जागी चार हजार यंत्रं होती. म्हणजे चौदा मेगावॅट. तेवढ्याला उपकेंद्रातले पाच एमव्हीएचे तीन ट्रान्सफॉर्मर लागतील. अशी जागा लपून राहत नाही. मी एजंटला फक्त उच्चदाब वीजबिलाची एक प्रत मागितली, वाटल्यास ग्राहक क्रमांक झाकून. उत्तर आलं, 'सुरक्षेच्या कारणास्तव जागा गुप्त आहे.'

आणि चौथा. भरलेल्या प्रत्येकाला 'तुमचं यंत्र' म्हणून एक फोटो मिळाला होता. मी सातही जणांकडून ते मागवले. तिघांच्या फोटोत अनुक्रमांक एकच होता.

अशा योजनांचा इतिहासही थोडा सांगतो, कारण यात नवं फारसं काही नाही. अमेरिकेत २०१४ साली जीएडब्ल्यू मायनर्स नावाच्या कंपनीनं यंत्रांच्या ताकदीचे हिस्से विकले. दहा हजारांवर लोकांनी ते घेतले. विकलेल्या हिश्श्यांइतकी ताकद कंपनीकडे नव्हतीच. तिच्या प्रमुखानं गुन्हा कबूल केला आणि २०१८ साली त्याला एकवीस महिन्यांची शिक्षा झाली.

आपल्याकडचं मोठं प्रकरण गेनबिटकॉइनचं. महिना दहा टक्के परतावा, तोही मायनिंगमधून, असं आश्वासन होतं. २०१७ मध्ये बिटकॉइन देणं थांबलं आणि लोकांना एमकॅप नावाचं घरचंच नाणं देण्यात आलं, ज्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. २०१८ साली पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाज यांना अटक केली. २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. ईडीच्या म्हणण्यानुसार गोळा झालेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ मध्येच सहा हजार सहाशे कोटी रुपये होती. तपास अजून संपलेला नाही.

आपल्या योजनेच्या सगळ्यात जवळचं प्रकरण एचपीझेड टोकन या ॲपचं. तिथेही मायनिंगच्या यंत्रांचंच आमिष होतं. सत्तावन्न हजार भरा, तीन महिने रोज चार हजार घ्या. म्हणजे सत्तावन्न हजारांचे तीन लाख साठ हजार. तक्रार नागालँडमध्ये, कोहिमा पोलिसांच्या सायबर शाखेकडे नोंदली गेली. ईडीनं म्हटलं आहे की लोकांना पैसे एकदाच मिळाले आणि मग आणखी भरा असा तगादा सुरू झाला. मार्च २०२४ च्या आरोपपत्रात २९९ आरोपी आहेत.

आणि बिटकॉइनच कशाला? पर्ल्स म्हणजे पीएसीएलनं जमिनीच्या नावावर पैसे घेतले, सेबीनं २०१४ साली ४९,१०० कोटी परत करायला सांगितले. २०१९ मध्ये आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी कडकनाथ कोंबड्यांपायी काय भोगलं, ते तुम्ही जवळून पाहिलंत. कधी साग, कधी जमीन, कधी कोंबडी, आता यंत्र. वस्तू तुमच्या नावावर, सांभाळणार ते, आणि हप्ता ठरलेला. वस्तू बदलते, करारनामा तोच राहतो.

मित्रमैत्रिणींनो, आकडेमोड सोपी होती. अवघड होतं ते पुढचं. ही योजना कुणा परक्या माणसानं आणली नव्हती. ज्याच्या डब्यातलं आपण खाल्लंय, ज्यानं माझ्या वडिलांच्या आजारपणात चार रात्री दवाखान्यात काढल्या, त्यानं आणली होती. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच भाडं मिळत होतं. अशा योजनेत पहिल्या काही जणांना पैसे मिळावेच लागतात, कारण तेच तिची जाहिरात असतात. त्याच्या योजनेवर शंका घेणं म्हणजे त्याच्यावर शंका घेणं, असं सगळ्यांना वाटत होतं. ग्रुपवर मला 'तुला प्रत्येक गोष्टीत काळंबेरंच दिसतं' असंही ऐकावं लागलं. एकानं तर विचारलं, 'फसवणूक आहे, याचा पुरावा काय तुझ्याकडे?'

पुरावा माझ्याकडे नव्हता. पण भूमितीत आपल्याला काय शिकवलं होतं? पक्ष, साध्य, सिद्धता. ज्याला काही साध्य करून दाखवायचंय, सिद्धता त्यानं लिहायची. आपले पैसे जो मागतो, त्याचं ते काम. फसवणूक सिद्ध करणं पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम आहे. पैसे न देण्यासाठी मला एवढंच पुरतं की गणिताचा ताळा जमत नाही आणि समोरचा तो जमवून दाखवत नाही.

मी मित्राच्या घरी गेलो, वही घेऊन. त्याला फसवणूक हा शब्दसुद्धा उच्चारला नाही. म्हटलं, करारात लिहिलंय ना, तीस दिवसांच्या सूचनेवर यंत्र परत देता येतं? मग तुझ्या पाचांपैकी एकच परत दे आणि लाख रुपये माग. आले, तर मी ग्रुपवर सगळ्यांसमोर माझे शब्द मागे घेईन.

त्यानं सूचना दिली. तीस दिवस गेले. मग 'प्रणालीचं अद्ययावतीकरण' सुरू झालं. मग निरोप आला की परताव्याऐवजी कंपनीचं नवं नाणं घ्या, त्याचा भाव वर्षात दहापट होणार आहे. त्याच रात्री आपल्या या मित्रानं ग्रुपवर स्वतः लिहिलं की यात आता कुणी एक पैसाही भरू नका, आणि माझ्यामुळे ज्यांनी भरले त्यांच्याबरोबर तक्रारीला मी पुढे उभा राहतो. जुलैत सगळ्यांचंच भाडं थांबलं. आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलेल्या अर्जावर पहिली सही त्याची आहे. मला वाटतं, या सभागृहात आज टाळ्या कुणासाठी वाजवायच्या असतील, तर त्या सहीसाठी वाजवाव्यात.

सात जणांचे पैसे परत येतील का, मी सांगू शकत नाही. मैत्रिणीचे वाचले, ते पोस्टात आहेत.

शेवटी कामाच्या चार गोष्टी, पाठ करून ठेवा. कंपनी नोंदणीचा दाखला किंवा जीएसटी क्रमांक म्हणजे लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी नव्हे. क्रिप्टोच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, म्हणून योजना कायदेशीर ठरत नाही. कर लावणं म्हणजे हमी देणं नव्हे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आहे, आणि आपल्या राज्याचा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे; रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर तक्रार करता येते. आणि ऑनलाइन पैसे गेले असतील, तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. तिथे तासांचा हिशेब असतो.

आपण सगळे आता साठीचे आहोत. फंड हातात आहे, मुलं लांब आहेत, आणि व्हॉट्सॲपवर विश्वासाची माणसं आहेत. असे लोक शोधणाऱ्यांना आपला पत्ता पाठ आहे. तेव्हा यापुढे ग्रुपवर कुणी हिशेब विचारला, तर त्याला संशयी म्हणू नका. त्याला उत्तर द्या.

गुरुजनांनी शांतपणे ऐकून घेतलंत, सर तर मधूनमधून मानही हलवत होते, म्हणजे गणित बरोबर असावं.