जागा भाड्याची, नोंदी आपल्या



इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इथल्या मराठी वाचनालयांतील जुन्या पुस्तकांची सामायिक सूची व्हावी, म्हणून आम्ही विकी सेवा तपासत आहोत. विकीत प्रत्येक गावचा कार्यकर्ता नोंद सुधारू शकतो, आणि आधीचा मजकूरही जपला जातो. पण दुसऱ्याच्या सर्व्हरवरची जागा म्हणजे भाड्याचे घर. विकिस्पेसेस ही २००५ साली सुरू झालेली सेवा; तिने २०१८ मध्ये गाशा गुंडाळायला घेतला. लोकांना नोंदी घाईने उतरवून घ्याव्या लागल्या. म्हणून दराआधी आम्ही विचारतो: सगळ्या नोंदी एकगठ्ठा परत मिळतील का? मिळणार असतील तरच पुढची बोलणी, आणि दरमहा एक प्रत आपल्या संगणकावर. आजोबा-पणजोबांनी वाळवीपासून जपलेल्या पुस्तकांची यादी आपल्या हातून हरवू नये.

गणपती बाप्पा मोरया!