रावबहादूर बोले यांचा ठराव



महाडला गेले म्हणजे आपली पावले आपोआप चवदार तळ्याकडे वळतात, व ते योग्यच आहे. आज मात्र मी आपणांस तळ्याच्या काठावरून थोडे मागे, जुन्या मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात नेणार आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी तेथे एका सभासदाने ठराव मांडला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यवर्गास मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. त्या सभासदाचे नाव रावबहादूर सीताराम केशव बोले.

बोले जातीने भंडारी. आपल्या किनाऱ्यावर भंडाऱ्यांची वस्ती पुष्कळ असल्यामुळे त्या समाजाचा निराळा परिचय करून देण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांत त्यांनी पुष्कळ काम केले. १९०९ साली निघालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी ते एक होत. परंतु बौद्धबांधवांना त्यांची एक निराळी ओळख आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानिमित्त भरलेल्या अभिनंदनाच्या सभेचे अध्यक्ष बोले होते, आणि त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याच्या हाती दिले.

आता वकील या नात्याने एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बोले यांचा ठराव हा कायदा नव्हता. त्या काळच्या कौन्सिलाचा ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस. सरकारने सप्टेंबर १९२३ मध्ये तो मान्य करून आपल्या खात्यांना हुकूम सोडला. पण नगरपालिका व लोकल बोर्डे यांना मात्र नुसता सल्ला मिळाला. सल्ला मानलाच पाहिजे असे बंधन कोणावर असते? ही उणीव खुद्द बोले यांच्याही ध्यानात आली असली पाहिजे. कारण ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या संस्था पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी त्यात शिफारस होती. पैशाची भाषा नगरपालिकांना लवकर समजते, हे या अनुभवी गृहस्थाने ओळखले होते.

महाडच्या नगरपालिकेने मात्र जानेवारी १९२४ मध्येच, सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असताना, चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला होता. त्या ठरावाची शाई वाळली, तरी कोणी अस्पृश्य पाण्याला उतरू शकला नाही. तो उतरला २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागून. त्यानंतर लाठ्या चालल्या, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले यांच्या ठरावाचा तो चौथा वार्षिक दिवस!

पुढे महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी तळे खासगी असल्याचा दावा लावला व डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तो पाळला, आणि पुढील लढाई न्यायालयात नेली. १९३१ साली महाडला, १९३३ साली ठाण्याला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात वादींची हार झाली. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी तळे नगरपालिकेचेच मानले आणि अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असा निर्णय दिला. आपण जिंकलो खरे; पण अशी रूढी सिद्ध झालीच असती, तर ती अन्याय्य ठरती की नाही, या प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. मला हे वाक्य वाचताना अजूनही अस्वस्थ वाटते. आपला विजय पुराव्याच्या अभावावर उभा होता, समतेच्या तत्त्वावर नव्हे. त्याच वर्षी टिपणीस आपल्या या जिल्ह्यातून, तेव्हाच्या कुलाब्यातून, स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

ती उणीव भरून निघाली २६ जानेवारी १९५० रोजी. राज्यघटनेचे पंधरावे कलम काढून पाहा. सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांविषयी तेथे जे लिहिले आहे, त्यात बोले यांच्या ठरावाचा सांगाडा आपणांस दिसेल. फरक इतकाच की तेथे शिफारस नाही. मनाई आहे, आणि सतरावे कलम अस्पृश्यतेचे आचरण शिक्षापात्र गुन्हा ठरविते.

रावबहादूर बोले १९६१ साली वारले. त्यांचे ऋण मानावे, त्यांची पूजा बांधू नये. पाण्यात पाय आपल्याच माणसांनी घातले होते.

ज्या गावी आजही पाणवठ्याचा तंटा असेल, तेथील बांधवांना माझी एक विनंती आहे. तक्रार लिहिण्यापूर्वी विहीर अगर तळे कोणाच्या नावे आहे व त्यावर ग्रामपंचायतीचा किती खर्च पडला, याच्या दप्तरातील नकला काढा. त्या घेऊन माझ्याकडे या. सभा संपल्यावर मी येथेच बसणार आहे.