घरातील काचज्योत आणि गॅसची टाकी



सोनार बागेसरीपुढे बसून फुंकणीने ज्योत वळवतो आणि क्षणार्धात टाका जोडतो, हे दृश्य आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. काचेच्या बाबतीतही अशीच एक विद्या आहे. मेजावर बसविलेल्या बर्नरच्या प्रखर ज्योतीत काचेची कांडी धरावी, ती मधासारखी मऊ झाली म्हणजे तारेवर गुंडाळून मणी करावा, अथवा काचनळी तापवून, फुंकून तिची कुपी करावी. प्रयोगशाळांतील वेड्यावाकड्या नळ्या याच कसबातून निपजतात. शहापूर व मुरबाड या आमच्या तालुक्यांत अलीकडे काही तरुण हे काम घरच्या घरी करू पाहत आहेत. पहाटेची गाडी गाठण्यासाठी आसनगावच्या फलाटावर धावणाऱ्या मुलांपैकी दहा जण जरी अशा धंद्याने घरी राहू शकले, तरी मला ते हवेच आहे. परंतु त्यासाठी प्रथम घर जागेवर राहिले पाहिजे. म्हणून आज मी काचेपेक्षा त्या ज्योतीला पुरवावयाच्या वायूविषयीच अधिक बोलणार आहे.

काचेशी महाराष्ट्राचे नाते नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून दरसाल एक पैसा मागून पैसाफंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे त्या पैशांतून काचकारखाना निघाला. परदेशी जाऊन विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे मुलांना काचकाम शिकवीत. पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर टांगला गेला. पण ही सारी मोठ्या भट्ट्यांची, धुराड्यांची व शेकडो हातांची कामे होती. भट्टी वस्तीपासून दूर असावी, हे जगाने फार पूर्वी ओळखले आहे. व्हेनिसच्या कारभाऱ्यांनी आगीच्या भयाने १२९१ साली शहरातील काचभट्ट्या मुरानो बेटावर नेवविल्या. आज आपण उलट करीत आहोत. दूर घालविलेला विस्तव पुन्हा ओटीवर आणून बसवीत आहोत. ते शक्य झाले टाकीबंद वायूमुळे.

या विषयावरील परदेशी पुस्तके उघडली की पानोपानी ‘प्रोपेन’ हा शब्द भेटतो, आणि आमची मुले तो वायू शोधीत कल्याण-ठाण्यापर्यंत हेलपाटे घालतात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या चुलीचा वायू म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. दाबाखाली तो टाकीत द्रवरूपाने राहतो आणि झडप उघडताच वायुरूप होतो. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांवरही उकळतो. ब्युटेन मात्र शून्याच्या आसपास येताच उकळेनासा होतो. ज्या देशांत अंगणात बर्फ पडते तेथे ब्युटेनची टाकी हिवाळ्यात मुकी होईल, म्हणून तेथे प्रोपेनचा आग्रह. माळशेजच्या पायथ्याला पौषातल्या पहाटे अंगावर दोन घोंगड्या लागत असतील. पण पारा काही गोठणबिंदूला जात नाही. तेव्हा आपल्याकडे नेहमीच्या मिश्र वायूवर हे काम उत्तम होते. टाकी मात्र धंद्याची, १९ किलोची घ्यावी. १४.२ किलोची घरगुती टाकी स्वयंपाकासाठी दिलेली असते आणि ती धंद्यास वापरणे नियमबाह्य आहे.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळांस वाटते की धोका ज्योतीत आहे. ज्योत दिसते, तिचा आवाज येतो, तिच्याजवळ मनुष्य आपोआप जपून वागतो. न दिसणारे संकट जमिनीवर असते. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड आणि ब्युटेन दुप्पट जड. गळलेला वायू धुरासारखा वर जाऊन कौलांच्या फटींतून निघून जात नाही. तो पाण्यासारखा सखल जागा शोधतो. भाताच्या खाचरात पाणी बांधाशी अडते, तसा तो उंबरठ्याशी अडतो. आमच्या घरांचे उंबरठे चांगले हातभर उंच असतात, हेही लक्षात घ्यावे.

थोडे गणित करू. सवय जात नाही. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. हवेत हा वायू शेकडा दोनच्या आसपास मिसळला की ठिणगीने पेट घेतो. एक किलो द्रवाचा सुमारे अर्धा घनमीटर वायू होतो. म्हणजे सबंध खोली पेटण्याजोगी होण्यास दीड किलोच्या आत-बाहेर वायू पुरे. पण तो तळाच्या एका फुटातच साचून राहिला तर? मग दहावा हिस्सा, म्हणजे दीडशे ग्रॅम. भरल्या टाकीतून तेवढा कमी झालेला हाताला कळणारसुद्धा नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने किन्हवलीच्या बाजूच्या आपल्या घरी सारी मांडणी हौसेने केली होती. मेज उत्तम, बर्नर उत्तम. टाकी मात्र माजघराच्या कोपऱ्यात, आणि तिच्यापासून चार हातांवर, जमिनीलगतच्या देवघरात नंदादीप. दिवसरात्र तेवणारा! वरच्या माळ्यावर गुरांसाठी भरलेला पेंढा. मी त्यास वरील हिशेब पाटीवर मांडून दाखविला. त्याच संध्याकाळी टाकी घराबाहेर गेली. नंदादीप हलविण्याविषयी त्याच्या आजींशी बोलण्याचे धैर्य आम्हा दोघांतही नव्हते, आणि त्याची गरजही उरली नाही.

टाकी बाहेर म्हणजे कोठे? पडवीच्या टोकाला, सावलीत, तिन्ही बाजूंनी मोकळ्या जागी. उन्हात नको, द्रव तापून फुगतो, म्हणूनच टाकी काठोकाठ न भरता वर जागा सोडलेली असते. पागोळीखालीही नको, आमच्याकडील चार महिन्यांच्या पावसात तिचे बूड गंजते. सपाट दगडावर, उभी, साखळीने बांधलेली असावी. आडवी कधीही ठेवू नये, कारण मग वायूऐवजी द्रवच नळीत उतरतो. जवळपास विहीर, खड्डा, मोरीचे तोंड किंवा तळघर नसावे. टाकी येताच तिच्या कड्याखालील पट्टीवर रंगविलेले अक्षर व आकडे वाचावेत: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, आणि पुढे वर्ष. ती तपासणीची मुदत होय. उलटलेली दिसल्यास टाकी परत करावी. भीड धरू नये.

भिंतीतून आत नेण्यास रबरी नळी वापरणे हा आळस आहे. कुडाच्या भिंतीत घुशी व उंदीर आपल्या आधी राहावयास आलेले असतात आणि रबर त्यांस वर्ज्य नाही. भिंतीतून धातूची नळी न्यावी, आत मेजाजवळ एक बंद करण्याची झडप बसवावी, आणि तेथून बर्नरपर्यंत आखूड रबरी नळी ठेवावी. रेग्युलेटरही चुलीचा चालत नाही. तो वायू ३० मिलिबार दाबाने सोडतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम तेहतिसावा हिस्सा. काचेच्या बर्नरला त्याच्या पाच-दहापट दाब लागतो. चुलीच्या रेग्युलेटरचे पोट उघडून त्यास ‘जोर आणणारे’ कारागीर बाजारात आहेत. त्यांच्या दुकानाची पायरी चढू नये. दाब दाखविणारे घड्याळ असलेला, कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर विकत मिळतो. शिवाय ज्योत मागे फिरून नळीत शिरू नये म्हणून अडविणारी झडप दोन्ही नळ्यांवर हवी.

दोन्ही म्हणण्याचे कारण, नुसत्या हवेवर जळणाऱ्या ज्योतीत मऊ काचेचे मणी होतात, पण प्रयोगशाळेची कठीण बोरोसिलिकेट काच मनासारखी वितळत नाही. तिला प्राणवायूची जोड लागते. २०२१ च्या साथीत घरोघर माहीत झालेले हवेतून प्राणवायू वेगळा करणारे यंत्र लहान बर्नरला पुरते. वीज गेली की तेही थांबते, आणि आमच्याकडे वीज जाणे ही बातमी नव्हे. प्राणवायूची टाकी घेतल्यास एक पथ्य कडक पाळावे: तिच्या आट्यांना, झडपांना तेलाचा स्पर्श नको. दाबाखालील प्राणवायूत तेल आपोआप पेटू शकते. सकाळी डोक्याला खोबरेल चोळलेल्या हातांनी ती उघडू नये.

गळती ओळखण्यासाठी वायूत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य घातलेले असते. परंतु पडवीत सुकट वाळत असेल तर नाकावर किती विसंबावे? प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडा वाढला की सांधा गळतो. काडी ओढून पाहणारे शूर पुरुष मी ऐकले आहेत. गळती आढळल्यास टाकी बंद करून दारे उघडावीत, विजेचे बटण लावूही नये आणि मालवूही नये, बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

मोकळ्या हवेची गरज गळती नसतानाही असते. ज्योत खोलीतील हवा खाते आणि अपुऱ्या हवेत जळताना वासरहित विषारी कार्बन मोनॉक्साईड निर्माण करते. म्हणून मेजाच्या वर धूर बाहेर ओढणारा पंखा आणि खाली हवा आत येण्यास वाट, दोन्ही हवीत. तापलेल्या काचेतील सोडियमची पिवळी झळाळी अडविणारे डिडिमियमचे चष्मे मिळतात; साधा काळा चष्मा त्या कामाचा नाही.

पेटविताना आधी इंधनवायू, मग प्राणवायू. विझविताना आधी प्राणवायू, मग इंधनवायू. दिवसाचे काम संपले की ज्योत पेटती असतानाच बाहेरील टाकी बंद करावी, नळीतला उरलेला वायू जळू द्यावा, आणि मगच बर्नरच्या चाव्या फिरवाव्यात. टाकीची झडप कोणत्या बाजूस फिरविली म्हणजे बंद होते, हे घरातील आईला, आजीला व शाळकरी भावंडालाही स्वतःच्या हाताने करून पाहू द्यावे, आणि टाकीमागच्या भिंतीवर त्या दिशेचा बाण चुन्याने ठळक काढून ठेवावा. दर पावसाळ्यानंतर तो पुन्हा काढावा लागेल.