डोक्याचा मार



रग्बीवर बोलणार म्हटल्यावर काही स्नेह्यांनी आम्हांला विचारले, की साहेबाचा हा धसमुसळा खेळ आपल्या व्याख्यानमालेत कशाला? पण हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही. कलकत्त्याचा रग्बी क्लब 1878 साली मोडला, तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविला गेला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच्यासाठी झुंजतात. त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती उभा आहे! असो.

सन 2011 च्या जानेवारीत उत्तर आयर्लंडमधील कॅरिकफर्गस या गावी शाळाशाळांतला सामना चालू होता. चौदा वर्षांच्या एका मुलाच्या डोक्याला मार बसला. त्याला तपासले, तो बरा दिसला, म्हणून खेळत राहिला. सामना संपत आला असता तो कोसळला, तो पुन्हा उठला नाही. पहिल्या माराने दुखावलेला मेंदू सावरण्यापूर्वीच त्याला दुसरा मार बसला, असा निष्कर्ष 2013 साली मृत्यूच्या चौकशीत निघाला.

यातले वैद्यकशास्त्र थोडे समजून घेऊ. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी हिसकले गेले, की तो आतल्या आत हेलकावतो. बाहेर रक्त नाही, टेंगूळही नाही. बेशुद्धी आलीच पाहिजे असेही नाही. बहुतेकदा येत नाहीच. मनुष्य जरा गोंधळतो, तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि ‘मला काही झालेले नाही’ असे ठासून सांगतो. अडचण इथेच आहे. ज्या अवयवाने स्वतःची स्थिती ओळखायची, तोच जायबंदी झालेला असतो. तेव्हा खेळाडूलाच ‘खेळतोस का?’ म्हणून विचारणे हा शुद्ध वेडेपणा होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग ठरवायचे कोणी? प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो. 2012 साली आंतरराष्ट्रीय संघटनेने मोठ्या सामन्यांत अशा खेळाडूला बाहेर घेऊन 5 मिनिटांत तपासण्याची पद्धत सुरू केली. तेव्हा आयर्लंडचे जुने खेळाडू डॉ. बॅरी ओड्रिस्कॉल यांनी निषेध म्हणून संघटनेच्या वैद्यकीय कामाचा राजीनामा दिला. एवढ्या वेळात मेंदूची परीक्षा होत नाही, हा त्यांचा मुद्दा. पुढे ती मुदत 10 आणि मग 12 मिनिटे झाली. स्कॉटलंडने 2015 साली सर्व खेळांसाठी अधिक सरळ धोरण धरले: शंका आली, की बाहेर बसवा.

नियमांनी खेळ बुळा होतो, अशी ओरड होतेच. न्यूझीलंडचा अनुभव ऐका. तेथे 2001 पासून प्रशिक्षक आणि पंच यांना सुरक्षिततेचे शिक्षण सक्तीचे झाले. आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून रेटतात त्या ‘स्क्रम’मध्ये मानेचे मणके मोडत. पूर्वीच्या प्रमाणानुसार 2001 ते 2005 या काळात स्क्रममुळे कण्याच्या सुमारे 9 गंभीर दुखापती अपेक्षित होत्या, झाली एकच. आणि त्या देशाचा संघ काही दुबळा झाला नाही.

एका जगज्जेत्याची गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. स्टीव्ह टॉम्पसन हे 2003 साली विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंड संघातले गडी. 2020 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे त्यांनी जाहीर केले. सिडनीतला तो अंतिम सामना त्यांना आठवत नाही. चित्रफीत पाहताना पडद्यावर ते स्वतः धावत असतात, पण आपण तिथे होतो, याची खूण मनात कुठेच सापडत नाही.

आपल्याकडे कबड्डीच्या मैदानावर गुडघा कानशिलावर बसला, की अजूनही तोंडावर पाण्याचा हबका मारतात, पाठीवर थाप देतात आणि पोराला पुन्हा चढाईला धाडतात. बघणारे आपण टाळ्या वाजवितो. आम्हीही वाजविल्या आहेत.