यादीत नसलेला कागद



ज्या शाळेने मला चार ओळी शुद्ध लिहावयास शिकविले, त्या शाळेच्या व्यासपीठावरून एका दिवंगत गुरुजींच्या स्मरणार्थ बोलावयास मिळावे, हा मी माझा बहुमान समजते. या व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी विदुषी नव्हे. मध्य प्रदेशातील एका जिल्हा न्यायालयात सरकारी वकिलांची साहाय्यक म्हणून माझी सारी नोकरी गेली. जे काम हातून झाले, त्याविषयीच बोलेन.

न्यायालयात उभे राहून बोलणारे सरकारी वकील सर्वांना दिसतात. त्यांच्या मागच्या बाकावर कागदांचा गठ्ठा घेऊन बसलेल्या माणसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पोलिसांकडून दोषारोपपत्र, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत चालान, आले की प्रथम पाने मोजावयाची. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, जप्तीपत्रक, शवविच्छेदनाचा अहवाल, साक्षीदारांचे जबाब, हे सारे तारखेप्रमाणे लावावयाचे. जप्त केलेल्या सीलबंद पुडीवरील क्रमांक आणि सागरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालातील क्रमांक एकच आहे ना, हे ताडून पाहावयाचे. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या स्वरूपानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हावे लागते. एरवी त्याला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. म्हणून दिवसही मोजावयाचे. तारखेला आलेल्या साक्षीदाराला बसावयास जागा आणि प्यावयास पाणी देणे, हेही त्याच कामात आले.

जबाब वाचताना मला शाळेची आठवण फार होई. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. ती घेऊ नये असाच कायदा आहे. साक्षीदार बोलतो माळवीत किंवा घरच्या मराठीत, आणि कागदावर उतरते ती ठाण्यातली हिंदी. पाच माणसांनी पाहिलेला प्रसंग पाच तऱ्हांनी सांगितला जावा हे स्वाभाविक आहे. पाचही जबाबांत तेच वाक्य, त्याच क्रमाने आले, तर ते त्यांच्यापैकी कोणाचेच नसण्याचा संभव अधिक. अशा वाक्यांखाली मी पेन्सिलीने रेघ ओढीत असे. कारण जे मला दिसले, ते बचावपक्षाच्या वकिलांना दिसणारच.

आता मुख्य मुद्दा. आरोपीला शिक्षा मिळवून देणे हेच सरकारी वकिलाचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायद्याला हे मान्य नाही. सरकारी वकील हे पोलिसांचे वकील नव्हेत. न्यायालयासमोर सत्य यावे म्हणून साह्य करणारे ते अधिकारी आहेत. आपल्या पक्षाला अडचणीचा असलेला कागदही आरोपीच्या हाती गेला पाहिजे, हा त्याचाच अर्थ. जेसिका लाल हत्याप्रकरणी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने या कर्तव्याचा सविस्तर ऊहापोह केला. २०२१ साली त्याच न्यायालयाने तयार केलेल्या नियमांच्या मसुद्यात असे आले की, तपास अधिकाऱ्याने ज्यांचा आधार घेतलेला नाही, अशा जबाबांची, दस्तऐवजांची व वस्तूंची यादीही आरोपीला मिळावी. आणि इंदूरकरांनी ध्यानात ठेवावे असे की, २० मे २०२२ रोजी हा दंडक सर्व खटल्यांत पाळावा असे न्यायालयाने बजाविले, ते याच शहरात २०११ साली घडलेल्या एका तिहेरी हत्येच्या अपिलात. त्या निकालात आरोपींचा दोष कायम राहिला. फाशीच्या जागी किमान पंचवीस वर्षांची जन्मठेप आली.

हे निर्णय येण्याच्या बऱ्याच आधीची एक हकीकत सांगते. मारहाणीत एक तरुण मरण पावला होता आणि आरोपी चौघे होते. जखमी साक्षीदाराच्या जबाबाच्या माथ्यावर ‘पुरवणी’ असा शब्द होता. पुरवणी म्हटली की आधी एक मूळ जबाब असलाच पाहिजे. तो मात्र चालानात नव्हता. मी ते सरकारी वकिलांच्या नजरेस आणले. त्यांनी ठाण्याला पत्र लिहून मूळ जबाब मागविला. त्यात तिघांचीच नावे होती. चौथे नाव बारा दिवसांनी पुरवणीत आले होते. तो जबाब रीतसर आरोपींच्या वकिलांना देण्यात आला. चौथा सुटला, तिघांना शिक्षा झाली.

निकालानंतर मृत मुलाच्या आईने मला व्हरांड्यात थांबविले. ती मराठीच होती. म्हणाली, “बाई, तुम्ही आमच्या बाजूच्या ना? मग तो कागद त्यांना का दिलात?” कलमे सांगून त्या माउलीचे समाधान होणार नव्हते. मी तिच्याशेजारी बाकावर बसून राहिले. पुढे उच्च न्यायालयात तिघांची शिक्षा कायम राहिली. कागद दडविल्याचा आक्षेप घेण्यास तेथे जागाच उरली नव्हती. तरीही तिचा प्रश्न मी क्षुल्लक मानीत नाही. ज्याचे माणूस गेले, त्याला न्यायाची ही रीत निष्ठुर वाटणारच. परंतु संशयाच्या आधारावर चौथ्याला तुरुंगात धाडून तिचे दुःख हलके झाले असते, असे मला वाटत नाही. आणखी एका आईच्या दारी मात्र ते गेले असते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याला कागदपत्रांच्या नकला मिळाव्यात, असे तीत म्हटले आहे. कायदा मुदत घालून देतो. पण गठ्ठ्यात कोणता कागद नाही, हे पाहावयास डोळे माणसाचेच लागतात.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या वकील होतील, एखादा न्यायाधीशही होईल. काही जण माझ्यासारखे मागच्या बाकावर बसतील. त्या बाकावरचे काम कमी प्रतीचे मानू नका. पाने मोजा, तारखा ताडा, आणि जो कागद आपल्याला नकोसा वाटतो तो दोनदा वाचा.