अर्ध्यावर अडलेली पेशी

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.पर्यंतचं माझं शिक्षण भाषेचं, प्रयोगशाळेशी संबंध नाही. तरी आज रक्ताच्या कर्करोगाबद्दल बोलणार आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या एका तरुण शिंप्याला तो झाला, तेव्हा डॉक्टरांच्या तोंडचा एक शब्द माझ्या मनात घर करून राहिला : अपरिपक्व.

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, असं आपण ऐकत आलो. इथे बिघाड आणखी एक आहे. हाडांच्या आतल्या मज्जेत रोज अब्जावधी रक्तपेशी जन्मतात. मूल रांगतं, चालतं, शिकतं, मग कामाला लागतं. तशा त्याही टप्प्याटप्प्यानं तयार होतात. 'अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया' या प्रकारात पांढरी पेशी अर्ध्या वाटेवर अडते. मोठी होत नाही, वेळेवर मरतही नाही. तिच्यासारख्या पेशींनीच मज्जा भरून जाते.

कारण गुणसूत्रांत असतं. १५व्या आणि १७व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जुळतात. १९७७ साली अमेरिकेत जेनेट रौली आणि सहकाऱ्यांनी ही अदलाबदल नोंदवली. त्या सांध्यावर दोन जनुकं एकत्र येतात आणि एक जोडप्रथिन बनतं. त्याचा एक भाग मुळात 'आता मोठी हो' हा निरोप पेशीला पोचवणारा. हा निरोप अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा असतो. जोडप्रथिन त्या दारालाच कुलूप घालतं.

शांघायच्या वांग झेन-यी यांनी याच आम्लाची एक जात औषध म्हणून मोठ्या मात्रेत दिली. कुलूप सुटलं. १९८८च्या त्यांच्या अहवालात २४ रुग्ण होते; त्यांतल्या २३ जणांचा आजार या एकाच औषधानं पूर्ण ओसरला. अडलेल्या पेशी मोठ्या झाल्या आणि आपल्या मरणानं मेल्या. आपण रोगाशी लढाईच्याच भाषेत बोलतो. इथे पेशीला वाढू देणं हाच इलाज ठरला.

दुसरं औषध चीनमधल्याच हार्बिनचं : आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल. ते जोडप्रथिनाचाच नाश करतं. त्या पोराच्या आईनं मला विचारलं, "भाईजान, माझ्या लेकराला जहर देतायत का?" मी तिला वेल्लोरचा दाखला दिला. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ ते २००४ या काळात ७२ रुग्णांना मुख्यतः हेच औषध दिलं गेलं. सुमारे ८६ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण ओसरला. पुढे २०१३ साली इटली-जर्मनीतल्या अभ्यासानं दाखवलं, की कमी व मध्यम धोक्याच्या रुग्णांना ही दोन औषधं मिळून नेहमीच्या केमोथेरपीशिवायही बरं करू शकतात.

मात्र हा सोमल शुद्ध केलेला, मोजून शिरेतून दिलेला, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून दिलेला असतो. वैदूच्या पुडीतला नव्हे. गाजरं खाऊनही हे काम होत नाही. आणि हा इलाज याच एका प्रकाराचा. रक्ताच्या इतर कर्करोगांना तो जसाच्या तसा लागू नाही.

तो शिंपी आज पुन्हा मशीनवर बसतो, कारण तो वेळेत पोचला. या आजारात रक्तस्राव फार लवकर जीव घेतो. हिरड्यांतून, नाकातून रक्त थांबत नसेल, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.